लंडन किती गाण्यांवर आहे

"इथून नेरे किती लांब?" असं भीमाबाईंना विचारलंत तर त्या किलोमीटर सांगणार नाहीत आणि मिनिटंही सांगणार नाहीत. त्या म्हणतील, "पायी बारा गानी. टेंपोनं तीन." वर तुमच्याकडे अशा नजरेने बघतील, की एवढं साधं या माणसाला कसं ठाऊक नाही.

भीमाबाई धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, बँजोवाले उशिरा आले तर पोरं थोडी कुरकुरतात, पण धवलारीण आल्याशिवाय हळद कुटायच्या मुसळाला कुणी हात लावत नाही. मांडवापासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते सगळे धवले तिच्या गळ्यात असतात. कागदावर काही नाही. भीमाबाईंच्या गळ्यात सत्तावीस धवले आहेत, एकेक चांगला दहा मिनिटांचा. पनवेलपासून उरणपर्यंत किती पोरापोरींना त्यांनी हळद लावली ते त्यांनी कधी मोजलं नाही, कारण मोजलं की दृष्ट लागते.

दुसऱ्या घरी जाणाऱ्या हळदीचा एक नेम त्यांच्या सासूने घालून दिला होता. हळद मुकी जाता कामा नये. ती वाटेवर आहे तोवर घरच्या उंबऱ्यात गाणं चालू पाहिजे, आणि एका वाटेला एक गाणं एकदाच. हा नेम सगळ्या आगऱ्यांत आहे असं नाही, या एका घरचा आहे. सासू सांगायची, की एकदा खाडीतून उरणकडे हळदीची होडी निघाली, काठावरच्या बायका गाणं सोडून पान खायला बसल्या आणि होडी गाळात रुतली ती सहा तास निघाली नाही. आता ती ओहोटीने रुतली की पानाने, हे सांगायला त्यातलं कुणी उरलेलं नाही. भीमाबाईंच्या मते पानाने.

भीमाबाई मूळच्या नेऱ्याच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन खाडीकाठच्या या मिठागरवाल्यांच्या घरात आल्या. डोंगराखालच्या पोरीला इथला खारा वारा सोसेना. दिवसभर मीठ ओढायचं आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून धुराच्या नावाने रडायचं, असे चार महिने गेले. सासू सगळं बघत होती. एक दिवस म्हणाली, "रडतंस कशाला? हिथनं नेऱ्यावर तुजी हलद बारा गान्यांत गेली. तू बारा गानी म्हन, का तू नेऱ्यात."

सुनेने म्हणून पाहिली. मीठ ओढता ओढता बारावं गाणं संपलं तेव्हा तिला खरंच माहेरच्या ओट्यावर घटकाभर टेकल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ती रोज नेऱ्याला जाऊ लागली, आणि बाराची सत्तावीस कधी झाली आणि मीठ ओढणारी सून धवलारीण कधी झाली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

आता मिठागर नाही. जुन्या घराच्या जागी मुलाने, भगवानने, चार मजली इमारत बांधली. वर भाडेकरू, खाली आपण, दारात दोन डंपर. डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं जातात. भीमाबाईंचे यजमान काशिराम खुर्ची टाकून ती बघत बसतात आणि कुणाशी फारसं बोलत नाहीत. ते पूर्वीही बोलत नसत, त्यामुळे त्यात विमानांचा काही दोष नाही.

या घरातली लाडाची नात म्हणजे निशा. सूनबाई रंजिता शिवणाचा क्लास चालवायची, म्हणून निशा आजीच्या मांडीवर वाढली. आजीबरोबर गावोगावच्या हळदींना जाऊन जाऊन तिचा एकही फ्रॉक पिवळा व्हायचा राहिला नव्हता. पुढे ती खारघरला नर्सिंग शिकली, आणि तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागली.

तेव्हापासून भीमाबाई एकच प्रश्न विचारत होत्या. लंडन किती लांब? भगवान म्हणाला, "आये, सात हजार दोनशे किलोमीटर." शेजारच्या बाळूने मोबाइलवर नकाशा दाखवला. भीमाबाईंनी पनवेलवर अंगठा ठेवला आणि करंगळीने लंडन गाठलं.

"येवढाच?" त्या म्हणाल्या. "मंग पोरीला परत याला तीन वर्सं कशी लागतात?"

बाळूने मोबाइल खिशात घातला. त्यांना किलोमीटर कळत नव्हते असं नाही, भगवानच्या डंपरच्या डिझेलवरून त्यांना सगळे किलोमीटर कळत. पण ते अंतर त्यांच्या गळ्यात बसत नव्हतं. ज्या गावाचं माप गळ्यात बसलं नाही त्या गावाला मनाने जाता येत नाही, आणि निशा नेमकी तशा गावाला गेली होती. याचं त्यांना फार दुःख होतं. पोरगी दूर गेली याचं कमी, आणि कुठे गेली ते मोजता येत नाही याचं जास्त.

त्यात निशाचं लग्न ठरलं. मुलगा आर्यन, उरणचा, आगरीच, तिकडे एका जहाज कंपनीच्या ऑफिसात नोकरी करणारा. दोघांनाही मोठी रजा मिळेना. तेव्हा माघात तिथेच रजिस्टर लग्न करायचं आणि पनवेलला मांडव पुढच्या वर्षी घालायचा, असं ठरलं. आईबाप जाणार होते. भीमाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना विमानाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं.

निशाने फोनवर एवढंच मागितलं. "आजी, तू नाहीस तर नाहीस. पण हळद तुझीच पाहिजे. इथल्या दुकानातली मी अंगाला लावून घेणार नाही."

भीमाबाई "बरा" म्हणाल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. हळद कुटून देणं सोपं होतं. पण ती मुकी कशी पाठवायची? आणि विमान किती गाण्यांत पोचतं, हे माहीत नसताना गायला बसायचं तरी कसं?

शेवटी त्यांनी रंजितालाच गाठलं. ती बॅगेचं वजन करत होती. साड्या काढल्या तर पापड बसत होते आणि पापड काढले तर आर्यनच्या आईने दिलेलं सुकट बसत होतं.

"तुमचा इमान कवा निघतं नि कवा पोचतं?" भीमाबाईंनी विचारलं.

रंजिताने तिकिटावर नजर टाकली. "सकाळी सातला निघतं, आये. साडेअकराला पोचतं." आणि ती परत सुकटाकडे वळली.

भीमाबाईंनी बोटांची पेरं मोजली. सात ते साडेअकरा, साडेचार तास. दहा मिनिटांचं एक गाणं. पुन्हा मोजली. सत्तावीस! बरोबर सत्तावीस, जेवढी त्यांच्या गळ्यात होती तेवढीच, एक कमी नाही की एक जास्त नाही.

त्या दिवशी भीमाबाई एक भाकरी जास्त जेवल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला त्यांनी सांगितलं, "लंडन म्हंजे दोन नेरे नि वर तीन गानी. मी उगाच तीन वर्सं रडले." आळीतल्या बायकांनाही ते पटलं. त्यांच्यापैकी कुणाचीच हळद कधी अशा गावी गेली नव्हती, जिथे सूर्य वेगळ्या वेळेला उगवतो. सातला निघाली आणि साडेअकराला पोचली, म्हणजे साडेचार तास. यात विचारायचं काय?

निघायच्या आदल्या संध्याकाळी घाणा भरला. मुसळाला आंब्याची डहाळी बांधून बायकांनी हळकुंडं कुटली आणि ती कोरडी हळद भीमाबाईंनी पितळेच्या डबीत भरून रंजिताच्या हातात दिली. तेल काय ते तिकडे जाऊन घालायचं. गाडीतून विमानतळापर्यंत गायचं काम रंजिताच्या पेणच्या बहिणीने अंगावर घेतलं. दारात विमानतळ असून लंडनसाठी अजून मुंबई गाठावी लागते, याबद्दल तिने ड्रायव्हरला वाटेत दोन शब्द सुनावले, तेवढाच काय तो गाण्यात खंड.

सकाळी सातला रंजिताचा फोन आला. "आये, बसलो. आता फोन बंद करायला सांगतात."

भीमाबाई उंबऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे खाली बसणं शक्य नव्हतं, आणि खुर्चीवरून धवले गायची त्यांना जरा लाजच वाटत होती. समोर दिवा, दिव्याशेजारी दोन सुपं. एका सुपात सत्तावीस सुपाऱ्या. एक गाणं संपलं की काशिरामांनी एक सुपारी उचलून दुसऱ्या सुपात टाकायची. आळीतल्या सात-आठ बायका झेलायला, म्हणजे ओळ उचलून मागे म्हणायला, बसल्या. त्यांत भीमाबाईंची धाकटी जाऊ जनी होती. जनी उरणची. तिलाही तिच्या माहेरचे धवले येत, पण चाळीस वर्षांत भीमाबाईंनी ते या घरात कधी गाऊ दिले नव्हते. "उरनच्या गान्याला चाल नाय, नुसता हेल हाय," असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी जनीच्या तोंडावरच सांगितलेलं होतं.

गाणी छान झाली. आठच्या सुमारास दूधवाला दूध ठेवून पाच मिनिटं थांबला. नऊला उन्हाची तिरीप आली तशी काशिरामांनी न सांगता खुर्ची हलवली, भीमाबाईंसकट. अकराला गळा थोडा सुकला तर जनीने ज्येष्ठमधाची काडी पुढे केली. साडेअकराला एक-दोन मिनिटं कमी असताना सत्ताविसावी सुपारी दुसऱ्या सुपात पडली.

"पोचली!" भीमाबाईंनी हात जोडले. "पोचली माज्या पोरीची हलद!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला. भीमाबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि तीन वर्षांत प्रथमच निवांत घोट घेतला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू कादंबरी खाली आली. ती संगमेश्वरकडची, खारघरच्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळते. निशाची मैत्रीण म्हणून आज मुद्दाम रजा घेऊन घरी थांबली होती. तिच्या मोबाइलवर विमान कुठे आहे ते दिसत होतं.

"काय हो आजी, थांबलात का?" तिने विचारलं. "छान चाललं होतं की. मी वरून ऐकत होते."

"थांबली म्हंजे? संपला. हलद पोचली."

कादंबरीने मोबाइलकडे पाहिलं, मग भीमाबाईंकडे, मग दोन सुपांकडे. तिचा चेहरा उतरला.

"आजी, विमान अजून वाटेत आहे. अर्ध्यावरसुद्धा गेलेलं नाही. तुर्कस्तानच्या अलीकडे आहे."

"साडेआकराला पोचतं! तिकटावर हाय!"

"साडेअकरा तिथले. तिथल्या घड्याळात साडेअकरा वाजतील तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. दहा तासांचा प्रवास आहे, आजी."

कुणालाच काही समजेना. एकाच वेळी दोन वेळा कशा असतील? जनी म्हणाली, की तिकडची घड्याळं बिघडलेली असतील. कादंबरी पृथ्वी फिरते वगैरे सांगू लागली, एक सुपारी घेऊन ती गोल फिरवूही लागली, पण बायका सुपारीकडे न बघता एकमेकींकडे बघत होत्या.

तेव्हा काशिराम बोलले. आयुष्यभर त्यांनी मिठागराच्या बांधावर भरतीची वाट बघत उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराची, फळी वरखाली केली होती.

"उरनच्या बंदरात भरती लागते," ते म्हणाले, "तवा आपल्या खाडीत पानी चढलेला नसतं. पानी येकच, पन येल दोन."

सगळ्यांना लखकन समजलं. भीमाबाईंना तर इतकं समजलं, की बशीतला चहा त्यांच्या लुगड्यावर सांडला.

"म्हंजे मी हिथं चाय पितंय," त्या हळूच म्हणाल्या, "नि माजी हलद तिथं मुकी चाललीय?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजत आले होते. पंधरा मिनिटं हळद मुकी गेली होती. अजून पाच तासांहून जास्त वाट उरली होती, आणि गळ्यात एकही गाणं शिल्लक नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत जगाच्या पोरींच्या हळदी वाजतगाजत पोचवल्या आणि स्वतःच्या निशाची तेवढी अर्ध्या वाटेत मुकी पडली, या विचाराने भीमाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"परत पयल्यापास्नं म्हनुया," एक बाई म्हणाली. "कोन मोजतंय?"

"मी मोजतंय," भीमाबाई म्हणाल्या. "येका वाटंला येक गाना येकदाच."

जनी समोरच बसली होती आणि सुपातल्या सुपाऱ्यांकडे बघत होती. भीमाबाईंनी एकदा घसा साफ केला, दोनदा केला.

"जने," शेवटी त्या म्हणाल्या, "तुजी उरनची... हायेत का ध्यानात?"

चाळीस वर्षं वाट पाहिलेली बाई आणखी एक मिनिट थांबणारच. जनीने पदर खोचला, मांडी नीट घातली, आणि म्हणाली, "हायेत की. पन त्यांना चाल नाय, बाय. नुसता हेल हाय."

"मंग हेलच काड! पन काड लवकर!"

जनीने काढला. आणि सांगायला हरकत नाही, चांगला काढला. तिच्या पहिल्या गाण्यात नवरीची हळद होडीतून जाते आणि खाडीतले मासे ती बघायला वर येतात. भीमाबाईंनी ते आधी तोंड वाकडं करून ऐकलं, मग मान हलवत ऐकलं, आणि तिसऱ्या गाण्याला त्या चक्क झेलायला लागल्या. जनीने एकामागून एक अकरा गाणी म्हटली. सुपाऱ्या संपलेल्या होत्या, म्हणून काशिरामांनी घरातून वालाचे दाणे आणले आणि गाणं संपलं की सुपात एक दाणा टाकू लागले.

जनीची संपल्यावर बाकीच्या बायकांनी आपापल्या माहेरची म्हणजे कुठली कुठली नऊ गोळा केली. मग सगळ्या कादंबरीकडे बघायला लागल्या.

"मला एकच येतं," ती लाजून म्हणाली. "माझ्या आजीचं. पण ते हळदीचं नाही, भात लावायचं आहे."

"चालंल. हलद पन शेतातनंच येते."

तेही झालं. आणि त्यानंतर, कुणी सांगितलेलं नसताना, काशिरामांनी बसल्या जागी मिठागरातलं मीठ ओढायचं गाणं सुरू केलं. एक्कावन्न वर्षांच्या संसारात भीमाबाईंनी नवऱ्याचा गळा पहिल्यांदा ऐकला. तो आजवर का ऐकू आला नव्हता, हेही त्यांना लगेच समजलं. बायकांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले. पण माणूस शेवटच्या ओळीपर्यंत गायला, आणि त्या गाण्याचा वालाचा दाणा भीमाबाईंनी स्वतः वाकून, गुडघ्याची पर्वा न करता, सुपात टाकला.

साडेतीन वाजले. कादंबरी म्हणाली, विमान काळ्या समुद्राच्या पुढे गेलं. आता आळीत कुणाकडेच गाणं नव्हतं.

भीमाबाईंनी डोळे मिटले. त्यांनी जन्मात गाणं रचलं नव्हतं. धवले सासूकडून आले, सासूला तिच्या सासूकडून आले, त्यात आपला शब्द घालायचा नसतो अशी त्यांची समजूत होती. पण हळद पुढे चालली होती आणि ती थांबणार नव्हती.

"हलद माजी निघाली बाय, ढगाच्या गो वाटं," त्यांनी सुरू केलं. "ना तिथं बांध, ना खाडी, ना पायाला काटं."

बायकांनी झेललं. भीमाबाईंनी एक डोळा उघडून काशिरामांकडे बघितलं. काशिरामांनी वालाचा दाणा तयार ठेवला होता.

मग त्या सुटल्याच. निशा जन्मली त्या वर्षाचं एक गाणं झालं, तेव्हा उधाणाचं पाणी ओट्याला लागलं होतं. पिवळ्या फ्रॉकांचं एक झालं. शाळेतून पळून आली आणि आजोबांच्या मागे मिठाच्या ढिगाआड लपली, त्याचं एक. कर्नाळ्याच्या सहलीत बूट हरवून आली, त्याचं एक, आणि त्यात बूट नेणाऱ्या माकडालाही एक कडवं मिळालं. खारघरच्या कॉलेजात तिने पहिल्यांदा सुई टोचली, तेव्हा पेशंटऐवजी तीच चक्कर येऊन पडली, या गाण्याला बायका इतक्या हसल्या की झेलायच्या विसरल्या. अशी एकामागून एक गाणी होत गेली. भीमाबाई स्वतःशीच नवल करत होत्या, की एवढं सगळं आपल्या गळ्यात होतं तर ते आजवर कुठे दडून बसलं होतं.

पाच वाजून गेले आणि कादंबरी ओरडली, "आजी, उतरलं! उतरलं विमान!"

बायका उठायला लागल्या. भीमाबाईंनी गाणं न तोडता हात वर करून त्यांना खाली बसवलं. हळद विमानातून उतरली म्हणजे पोचली नव्हे. पोरीच्या हातात पडली म्हणजे पोचली. निशा विमानतळाच्या दारात येणार होती. तोवर गायचं.

सहा वाजले. निशा घर सोडून गेली त्या सकाळचं गाणं तेवढं उरलं होतं. ते भीमाबाईंनी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण ते आपल्याला पुरं करता येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. ते सतरावं गाणं त्या बसक्या आवाजात, अगदी हळू गायल्या. जनीने त्यांचा हात धरला होता. गाणं संपलं, दाणा पडला, आणि कादंबरीचा फोन वाजला.

पडद्यावर निशा होती. मागे बॅगा ढकलणारी माणसांची गर्दी, आणि निशाच्या दोन्ही गालांवर कोरड्या हळदीची बोटं. तिला घरापर्यंत धीर धरवला नव्हता.

"आजी! पोचली गं! तुझी हळद पोचली!"

भीमाबाईंनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. अकरा तासांत गळा पुरता बसला होता. त्यांनी नुसता पडद्यावरच्या गालांवरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. निशा हसत होती आणि रडतही होती. मागून रंजिताने डोकं घातलं.

"आये, सगळा नीट झाला. मधी येकदा इमान असा काय हादरला, माज्या हातातनं डबीच सुटत व्हती."

भीमाबाईंनी जनीकडे पाहिलं. जनीने भीमाबाईंकडे पाहिलं.

"चाय," भीमाबाई घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, आणि कपाळाला हात लावला.

फोन झाल्यावर काशिरामांनी सूप पुढे ओढलं. सत्तावीस सुपाऱ्या आणि एकोणचाळीस वालाचे दाणे. "सासष्ट," ते म्हणाले. भीमाबाईंनी बोटांची पेरं मोजली. बाराचे पाच फेरे, वर सहा.

"साडेपाच नेरे," त्या पुटपुटल्या.

"लांब हाय गो, बाय," जनी म्हणाली.

भीमाबाईंनी सुपारी आणि वाल वेगळे केले, दिव्याची वात सारखी केली आणि दोन दिवस मिठाच्या गुळण्या केल्या. जनीला मात्र त्यांनी खुणेनेच सांगून ठेवलं, की तिची अकरा गाणी आपल्याला शिकवायची आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला काशिराम चहा घेऊन बाहेर आले, तर भीमाबाई उंबऱ्यात खुर्ची टाकून वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गळा अजून खरखरत होता, पण पहिला धवला सुरू होता. काशिरामांना वाटलं, नेहमीसारखी माहेरी निघाली.

"नेऱ्याला का?" त्यांनी विचारलं.

भीमाबाईंनी कडवं पुरं केलं.

"लंडनला," त्या म्हणाल्या. "सांजच्याला पोचन. नि चाय नको आता, वाटंत थांबायचा नाय."

काशिरामांनी कप परत आत नेऊन ठेवला.